फॉल्स सीलिंगवरील हवेची पोकळी (प्लेनम) आणि तिच्यातील वायरिंग : नियम व त्यांमागची कारणे

वातानुकूलित सभागृहात थंड हवा कुठून येते, असे वर्गात विचारले की सगळे वरच्या जाळीकडे बोट दाखवतात. तीच हवा परत कुठून जाते, असे विचारले की वर्ग गप्प होतो. या पाठाचा विषय त्या दुसऱ्या प्रश्नात आहे.

हवा यंत्राकडे परत नेण्याचे दोन मार्ग असतात. पहिला म्हणजे पत्र्याचे स्वतंत्र डक्ट. दुसरा स्वस्त आणि म्हणूनच जास्त आढळणारा: फॉल्स सीलिंगमध्ये काही जाळ्या ठेवायच्या, खोलीतील हवा त्यांतून वर सीलिंग आणि स्लॅब यांच्यामधल्या पोकळीत जाऊ द्यायची आणि तिथून एअर हँडलिंग युनिटच्या पंख्याने ती खेचून घ्यायची. या व्यवस्थेत ती पोकळी हाच डक्ट होतो. अशा पोकळीला प्लेनम म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'भरलेले'. आपण जिला पोकळी म्हणतो ती मुळात रिकामी नसतेच, हे त्या शब्दाने आधीच सांगून ठेवले आहे.

आपल्याकडे मोठ्या कार्यालयांत एएचयू रूम असते आणि तिच्या भिंतीला सीलिंगच्या वर मोठे भोक ठेवलेले असते. ते दिसले की प्लेनम ओळखता येतो. फसगत होते ती लहान जागांत. कोचिंग क्लास, बँकेची शाखा, मंगल कार्यालय, छोटे रुग्णालय इथे हल्ली 'डक्टेबल स्प्लिट' युनिट सीलिंगवर टांगतात. पुरवठ्याच्या हवेला डक्ट असतो, परतीच्या हवेला मात्र फक्त सीलिंगमधली एक जाळी. युनिटचे मागचे तोंड उघडेच. मालकाला, सुताराला आणि वायरमनला कुणी प्लेनम हा शब्द सांगितलेला नसतो, पण प्लेनम तयार झालेला असतो. याउलट कॅसेट युनिट किंवा भिंतीवरचा साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा ओढतो, त्यामुळे तिथली सीलिंगवरची जागा ही फक्त झाकलेली जागा राहते. तिलाही नियम आहेत, पण ते प्लेनमइतके कडक नाहीत.

ओळखण्याची सोपी रीत अशी: यंत्र चालू असताना सीलिंगची एक टाइल थोडी उचलून त्या फटीजवळ टिश्यू पेपरची पट्टी धरा. पट्टी आत ओढली गेली तर वरची जागा प्लेनम आहे. उदबत्ती वापरू नका, स्मोक डिटेक्टर वाजेल.

आता मुख्य मुद्दा. प्लेनममधल्या वायरिंगचे नियम वेगळे का? शॉर्ट सर्किट तर कुठेही होऊ शकते. उत्तर असे की इथे आगीपेक्षा धुराचा विचार आधी करावा लागतो. प्लेनममध्ये जे जळेल त्याचा धूर पंखा स्वतः ओढून घेणार, गाळणीतून पुढे ढकलणार आणि पुरवठ्याच्या जाळ्यांतून प्रत्येक खोलीत पोचवणार. आग एका कोपऱ्यात असताना दुसऱ्या टोकाची माणसे धुरात सापडतात. शिवाय वाहती हवा आगीला प्राणवायू पुरवते, आणि हे सगळे डोक्यावर, नजरेआड घडते.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना मंत्रालयाची आग आठवत असेल, निदान ऐकून तरी. २१ जून २०१२ रोजी दुपारी मुंबईत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली आणि वरचे मजले तिने व्यापले. पाच जणांचा मृत्यू झाला. त्यांतले काही सहाव्या मजल्यावर सापडले, म्हणजे आग जिथे सुरू झाली तिथून दोन मजले वर. तपासात शॉर्ट सर्किट हे कारण पुढे आले. इमारत १९५५ सालची. त्या काळच्या सरकारी इमारतींत उंच छत, मोठ्या खिडक्या आणि पंखे असत. पुढे अशा इमारतींत लाकडी पार्टिशनच्या केबिन आल्या, एसी आले, त्यांच्यासाठी फॉल्स सीलिंग आले, मग संगणक आले आणि त्यांच्या तारा त्या सीलिंगवर टाकल्या गेल्या. दर वेळी काम करणारा ठेकेदार निराळा. सीलिंगवर एकूण काय साचले आहे याचा नकाशा कुणाकडेच नसतो. मंत्रालयाच्या आगीनंतर वर्तमानपत्रांत 'शॉर्ट सर्किट' या शब्दावर बरीच चर्चा झाली. माझ्या मते अभियंत्याने त्याहून जास्त विचार करायचा तो शॉर्ट सर्किटच्या आजूबाजूला काय होते याचा.

परदेशातली दोन उदाहरणे या विषयाच्या अगदी जवळची आहेत. २१ नोव्हेंबर १९८० रोजी अमेरिकेत लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलमध्ये एका उपाहारगृहाच्या भिंतीतील झाकलेल्या जागेत अर्थ फॉल्ट झाला. आग खालच्या कॅसिनोच्या भागातच राहिली, पण ८५ माणसे मेली आणि त्यांतली बहुतेक वरच्या मजल्यांवर. लिफ्टचे शाफ्ट, जिने आणि वातानुकूलन यंत्रणा यांतून धूर वर गेला होता. दुसरे उदाहरण जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ विमानतळाचे. ११ एप्रिल १९९६ रोजी वरच्या रस्त्यावर वेल्डिंग चालू होते, ठिणग्या खाली सीलिंगवरच्या पोकळीत पडल्या आणि तिथल्या पॉलिस्टायरीनच्या इन्सुलेशनने पेट घेतला. १७ जण दगावले. पॉलिस्टायरीन म्हणजे आपला थर्मोकोल. आपल्याकडे उन्हाची झळ कमी व्हावी म्हणून सीलिंगवर थर्मोकोलच्या शीट पसरण्याची पद्धत आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

थोडे गणित : किती वायर जळली तर पुरे?

साध्या वायरचे आवरण पीव्हीसीचे असते. व्हिनाइल क्लोराइडच्या एका एककाचे रेणुभार ६२.५, आणि त्यातून सुटणाऱ्या हायड्रोजन क्लोराइड वायूचे ३६.५. म्हणजे शुद्ध पीव्हीसीच्या वजनाच्या ५८ टक्के इतका हा वायू सुटू शकतो. वायरच्या आवरणात शुद्ध पीव्हीसी साधारण निम्मे असते, बाकी मऊपणासाठी घातलेले तेलकट द्रव्य आणि खडूची भुकटी. तेव्हा एक किलो आवरणातून जास्तीत जास्त ०.२९ किलो वायू.

आता १० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि ३ मीटर उंच अशी खोली घ्या. आकारमान ३०० घनमीटर. या वायूचे ५० पीपीएम इतके प्रमाण जीविताला तत्काळ धोकादायक मानतात. ३०० घनमीटरमध्ये ५० पीपीएम म्हणजे १५ लिटर वायू. २५ अंश तापमानाला एक मोल वायू सुमारे २४.५ लिटर जागा घेतो, म्हणून १५ लिटर म्हणजे ०.६१ मोल, म्हणजेच सुमारे २२ ग्रॅम. तेवढ्यासाठी लागणारे आवरण २२ भागिले ०.२९, म्हणजे अंदाजे ७६ ग्रॅम.

७६ ग्रॅम म्हणजे किती वायर? १.५ चौरस मि.मी.च्या वायरला ०.७ मि.मी. जाडीचे आवरण असते. तांब्याचा व्यास सुमारे १.६ आणि वायरचा बाहेरचा व्यास ३ मि.मी. धरला तर आवरणाचा छेद सुमारे ५ चौरस मि.मी. होतो. घनता १.४५ धरून दर मीटरला सुमारे ७.३ ग्रॅम. म्हणजे दहा-अकरा मीटर वायर! बाजारात मिळणाऱ्या ९० मीटरच्या एका कॉइलचा जेमतेम आठवा-नववा भाग.

हा कमाल अंदाज आहे हे लक्षात ठेवा. प्रत्यक्षात खडूची भुकटी काही वायू शोषते, काही भिंतींच्या ओलाव्याला चिकटतो आणि सगळी वायर एकदम जळत नाही. दुसरे असे की आगीत माणसे मुख्यतः कार्बन मोनॉक्साइडने मरतात. हायड्रोजन क्लोराइड डोळे आणि घसा जाळतो, त्यामुळे माणसाला दार सापडत नाही, आणि मग कार्बन मोनॉक्साइड उरलेले काम करतो. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागून दहा बालके गेली, तेव्हा त्यांतल्या सात जणांचा मृत्यू भाजून नव्हे तर गुदमरून झाल्याचे सांगण्यात आले होते. ती आग प्लेनममधली नव्हती. पण आग आणि धूर यांत धूर आधी पोचतो, हे तिथेही तसेच होते.

केबलवरची अक्षरे वाचायला शिका

आपल्याकडे पीव्हीसी वायरसाठी आयएस ६९४ हे मानक आहे. वायरवर 'एफआर' छापलेले असेल तर ती सहज पेटत नाही, तिचा ऑक्सिजन इंडेक्स किमान २९ असतो. म्हणजे हवेत २९ टक्के प्राणवायू असेल तरच ती जळत राहील. आपल्या हवेत तो २१ टक्के आहे. पण एफआर वायरला धुराची मर्यादा नाही, हे दुकानदार सांगत नाही. 'एफआर-एलएसएच' वायरला ती आहे: सुटणारा हॅलोजन आम्लवायू वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त नको आणि धुराची घनता ६० टक्क्यांपेक्षा जास्त नको. तिसरा प्रकार हॅलोजनमुक्त, म्हणजे 'एचएफएफआर', त्यासाठी आयएस १७०४८ हे २०१८ चे मानक आहे. त्यात आम्लवायूची मर्यादा अर्धा टक्का. वरच्याच खोलीचे गणित पुन्हा करा: एफआर-एलएसएच वायरचे ११० ग्रॅम आवरण पुरते, हॅलोजनमुक्त वायरचे सुमारे साडेचार किलो लागते. दोन्हींच्या किमतीतला फरक विचारणाऱ्या ग्राहकाला मी हेच दोन आकडे सांगतो.

पण इथे एक घोटाळा टाळा. हॅलोजनमुक्त केबल म्हणजे प्लेनम केबल नव्हे. अमेरिकेत प्लेनमसाठी केबल तपासायची वेगळी चाचणी आहे, एनएफपीए २६२. सुमारे ७.३ मीटर लांबीचे केबलचे तुकडे एका आडव्या बोगद्यात ठेवतात, एका टोकाला जवळपास ८८ किलोवॉटची ज्योत लावतात आणि दर सेकंदाला १.२ मीटर वेगाने हवा सोडतात. वीस मिनिटांत ज्योत १.५ मीटरच्या पुढे सरकता कामा नये, धुराची प्रकाशीय घनता कमाल ०.५ आणि सरासरी ०.१५ च्या आत राहिली पाहिजे. वाहती हवा हा या चाचणीचा गाभा आहे, कारण प्लेनममध्ये तेच घडते. आपल्याकडे जास्त वापरल्या जाणाऱ्या आयईसी ६०३३२ मालिकेतल्या चाचण्यांत केबल उभी टांगतात, पहिल्या भागात एकच आणि तिसऱ्या भागात जुडगा. त्या चांगल्या आहेत, पण आडव्या बोगद्यातल्या वाऱ्याचा प्रश्न त्या विचारत नाहीत. गंमत अशी की अमेरिकन प्लेनम केबलमध्ये बहुधा फ्लोरिनयुक्त आवरण असते, म्हणजे ती हॅलोजनमुक्त नसतेच! तिथल्या नियमाने विचारले की ज्योत किती सरकते आणि धूर किती होतो. युरोपने विचारले की वायू कोणता सुटतो. दोन प्रश्न वेगळे, म्हणून उत्तरेही वेगळी.

नियम

अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमधील कलम ३००.२२ हे या विषयावरचे सर्वांत स्पष्ट लेखन आहे, म्हणून ते आधी पाहू. (भारतीय मानक ब्युरोच्या एसपी ३० या ग्रंथाचे नावही नॅशनल इलेक्ट्रिकल कोड असेच आहे. परीक्षेत आणि निविदेत देशाचे नाव लिहायला विसरू नका.) हे कलम जागांचे तीन प्रकार करते. धूळ, सुटा माल किंवा ज्वालाग्राही वाफा वाहून नेणाऱ्या डक्टमध्ये कसलेही वायरिंग नको. हवेसाठीच बनवलेल्या डक्टमध्ये फक्त त्या हवेशी संबंधित उपकरणांपुरते, म्हणजे डँपर किंवा सेन्सर यांचे, आणि तेही धातूच्या आवरणात. तिसरा प्रकार म्हणजे आपली सीलिंगवरची पोकळी. इथे वायरिंग चालते, पण ते धातूच्या कंड्युटमध्ये, धातूचे आवरण असलेल्या केबलमध्ये, झाकण असलेल्या भरीव तळाच्या धातूच्या ट्रेमध्ये, किंवा प्लेनमसाठी तपासलेल्या केबलने. उपकरणे धातूच्या पेटीत. प्लॅस्टिकचे केबल टायसुद्धा या जागेसाठी तपासलेले लागतात. मुलांना हे हास्यास्पद वाटते. पण शंभर केबलच्या जुडग्याला लागणारे टाय एका पिशवीत गोळा करून वजन करून पाहा.

भारतात 'प्लेनम केबल' असा वेगळा वर्ग नाही. म्हणून नियमच नाही असा समज पसरला आहे, तो चूक आहे. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या चौथ्या भागात स्पष्ट म्हटले आहे की परतीच्या हवेसाठी प्लेनम वापरला असेल तर सीलिंग, त्याला जोडलेल्या वस्तू आणि एअर हँडलिंग युनिटच्या गाळण्या अज्वलनशील हव्यात. जिने, सामाईक मार्गिका आणि लिफ्टसमोरची जागा हे परतीच्या हवेचे मार्ग म्हणून वापरू नयेत. उच्च, मध्यम आणि कमी दाबाच्या तारा शाफ्टमध्ये आणि फॉल्स सीलिंगमध्ये वेगवेगळ्या ठेवाव्यात. शाफ्ट प्रत्येक मजल्यावर अग्निरोधक भरावाने बंद करावा. सीलिंगवरची पोकळी ८०० मि.मी.पेक्षा खोल असेल तर तिथे स्वतंत्र डिटेक्टर लागतात. आग विभागाची भिंत ओलांडणाऱ्या डक्टमध्ये फायर डँपर हवा, आणि धूर ओळखला गेल्यावर पंखा आपोआप बंद व्हायला हवा.

हे शेवटचे वाक्य सगळ्यांत महत्त्वाचे आणि प्रत्यक्षात सगळ्यांत दुर्लक्षित. पंखा थांबला की धुराचे वाहनच थांबते. अग्निसूचना यंत्रणा एकाने बसवायची, वातानुकूलन दुसऱ्याने, आणि त्या दोघांना जोडणारी दोन तारांची जोडणी कुणाच्याच कामात धरलेली नसते. इमारत ताब्यात घेताना डिटेक्टरवर चाचणीचा धूर सोडून पंखा थांबतो का, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही करू नका.

आपल्याकडची नेहमीची सवय म्हणजे सीलिंगवर पांढरा पीव्हीसी पाइप, आयएस ९५३७ च्या तिसऱ्या भागातला, आणि दिव्यापाशी नालीदार प्लॅस्टिकची नळी. साध्या पोकळीत ते चालून जाते. प्लेनममध्ये त्याच मानकाच्या दुसऱ्या भागातला पोलादी कंड्युट घ्या आणि तो सर्वत्र अखंड अर्थ झालेला आहे हे तपासा, नाहीतर संरक्षणासाठी घातलेला धातूच जिवंत होईल. एलईडी पॅनेलचे ड्रायव्हर सरसकट टाइलवर उघडे टाकलेले असतात. त्यांना धातूची पेटी द्या.

जोड

एका महाविद्यालयाच्या सभागृहाची तपासणी करताना मी सीलिंगची सहा टाइल उघडली, त्यांतल्या चार ठिकाणी जंक्शन बॉक्सशिवाय, नुसते पिळून टेप गुंडाळलेले जोड होते. एक टेप तपकिरी होऊन कडक झाली होती. एमसीबी कधीच पडला नव्हता, असे तिथल्या तंत्रज्ञाने अभिमानाने सांगितले.

तो पडणारच नव्हता. ढिल्या जोडाचा रोध ०.५ ओहम आणि प्रवाह १० अँपिअर धरा. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे ५० वॉट. प्रयोगशाळेतली आपली सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते. म्हणजे वाटाण्याएवढ्या जागेत दोन सोल्डरिंग आयर्न कायम चालू. व्होल्टेज फक्त ५ व्होल्टने घटते, दिवा तसाच जळतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला १० अँपिअर ही सामान्य गोष्ट आहे. गळती नाही म्हणून आरसीसीबीही गप्प. पीव्हीसी आवरण ७० अंशांसाठी बनवलेले, ते हळूहळू करपते. अशा दोषाला संरक्षक उपकरण नाही, म्हणून जोड धातूच्या झाकणबंद पेटीत आणि टर्मिनलवरच हवा. शक्य असेल तर प्लेनममध्ये जोडच नको.

टाकून दिलेल्या तारा

दर पाच-सात वर्षांनी नवी नेटवर्क केबल येते आणि जुनी तिथेच राहते. अमेरिकेच्या संहितेत २००२ पासून सोडून दिलेल्या, हाताला येणाऱ्या दळणवळणाच्या केबल काढून टाकण्याची तरतूद आहे. आपल्याकडे नव्या कामाच्या अंदाजपत्रकात 'जुन्या केबल काढणे' ही ओळ स्वतंत्र लिहा, दर ठरवा. ओळ नसेल तर कुणी काढत नाही, हा अनुभव आहे. तांबे भंगारात जाते, त्यामुळे खर्चही फारसा पडत नाही.

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीच्या मालकाला किंवा भोगवटादाराला दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याला 'फॉर्म बी' म्हणतात. त्यात पंप, हायड्रंट, डिटेक्टर यांची तपासणी येते. सीलिंगच्या टाइल उचलून बघायचे की नाही, हे तपासणाऱ्याच्या शिडीवर आणि इच्छेवर अवलंबून असते. तुमच्यापैकी कुणी हे काम करणार असेल तर किमान एएचयूजवळची, पॅनेलजवळची आणि सर्वांत दूरची अशा तीन जागी टाइल उचला, आणि छायाचित्रे अहवालाला जोडा.

स्वाध्याय

१. आपल्या महाविद्यालयातील एका वातानुकूलित खोलीची परतीची हवा कोणत्या मार्गाने जाते ते शोधा आणि आकृती काढा. सीलिंगवरची पोकळी प्लेनम आहे का, ते कारणासह लिहा.

२. ८ मीटर × ६ मीटर × ३ मीटर आकाराच्या प्रयोगशाळेत ५० पीपीएम हायड्रोजन क्लोराइड होण्यासाठी २.५ चौरस मि.मी.ची किती मीटर वायर जळावी लागेल? आवरणाची जाडी ०.८ मि.मी. आणि तांब्याचा व्यास २ मि.मी. धरा. साध्या पीव्हीसी, एफआर-एलएसएच आणि हॅलोजनमुक्त अशा तिन्ही प्रकारांसाठी उत्तर काढा. तिन्हींसाठी घनता १.४५ धरली तर कोणत्या उत्तरात चूक जास्त येईल?

३. ०.२ ओहम रोधाच्या जोडातून १६ अँपिअर प्रवाह वाहत आहे. उष्णता किती? हा दोष थर्मल कॅमेऱ्याने शोधायचा असेल तर तपासणी खोली रिकामी असताना करावी की भरलेली असताना?